जिन्याखालचा लाल दिवा

“ताई, वीज वाचवा, पण मीटरचा दिवा पूर्ण थांबवायच्या नादी लागू नका,” वायरमन म्हणाला होता. मी हसण्यावारी नेलं.

टीव्ही, चार्जर, मायक्रोवेव्ह बंद असले तरी प्लगमधून गुपचूप वीज खात राहतात, हे कळल्यापासून मला चैन नव्हतं. म्हणून आज दुपारी नवरा वर घरात एकेक प्लग काढत होता आणि मी फोन कानाला लावून खाली जिन्याखाली, वीज खर्च होताना लुकलुकणारा मीटरचा लाल दिवा बघत उभी होते. ठकू, आमची सात महिन्यांची मुलगी, पाळण्यात झोपलेली.

“टीव्ही काढला. थांबला दिवा?”

“नाही.”

“फ्रिजपण काढला. आता काय माझं डोकं काढू?”

घरातलं सगळं निघालं, तरी दिवा लुकलुकत होता. सावकाश, एका लयीत. ती लय माझ्या ओळखीची होती. सात महिने पाळण्याशी बसून मी ठकूचा श्वास मोजत आलेय.

“आता काही काढू नकोस,” मी म्हणाले.

“अगं, एकच राहिलाय, पाळण्यामागचा. त्याची वायर नुसती भिंतीत गेलीय.”

दिवा थांबला.

“ठकूला बघ,” मी म्हणाले.

“झोपलीय की. बघ तरी, किती शांत!”

मी अजून मीटरपाशीच उभी आहे. जिना चढवत नाही. तुम्ही जरा वर जाऊन तिच्या नाकाशी बोट धरून बघाल का?