तीन खुणा

कानिफनाथ नाचत होता. तो नाचत होता म्हणूनच बनुबाई हादरली!

पुतण्याच्या लग्नाची मिरवणूक मारुतीच्या देवळाकडं निघाली होती. हलगी खास श्रीगोंद्याहून आणलेली. ऐकणाऱ्याचे पाय जाग्यावर राहतील तर शपथ. कानिफनाथ, बनुबाईचा नवरा, व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला त्याला आठ महिने झाले होते. रोज सकाळी तिच्यासमोर डॉक्टरांची गोळी घ्यायचा, आ करून जीभ वर करून दाखवायचा. पण लग्नकार्यात भिंतीला पाठ लावून उभा. न पिता नाचणं त्याला जन्मात ठाऊक नव्हतं.

आणि आत्ता त्याचा मावसभाऊ भिमाजी त्याला टेम्पोमागं घेऊन गेला. हातात कोल्ड्रिंकची बाटली. भिमाजीच्या बाटलीत काय असतं ते शेंबडं पोरही सांगेल! दोन मिनिटांत कानिफनाथ बाहेर आला तो थेट हलगीपुढं.

"आला रं जुना कानिफ! घेतली वाटतं!" कुणीतरी आरोळी ठोकली.

बनुबाईनं पाहिलं. तोंड लालबुंद. अंगावरून घाम नुसता निथळतोय. डॉक्टरांनी बजावलेलं तिला पाठ होतं. या गोळीवर दारू पोटात गेली की तोंड लाल होतं, घाम फुटतो, छाती धडधडते. जिवावर बेतू शकतं, तडक दवाखाना गाठायचा. दोन खुणा तर समोरच दिसत होत्या.

"सरका! सरका मेल्यांनो!" करवल्यांना ढकलत ती आत घुसली आणि भर मिरवणुकीत नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला. धाडधाड, धाडधाड.

"गाडी काढा कुनीतरी! माजा मानूस मरतोय!"

हलगी थांबली.

"अगं, काय झालं?" कानिफनाथ गांगरला.

"आ करा."

"चारचौघांत?"

"आ करा म्हनते ना!"

त्यानं आ केला. सवयीनं जीभही वर केली. बनुबाईनं नाक जवळ नेलं. बडीशेप. पुन्हा हुंगलं. नुसती बडीशेप!

"न्हाई पिलो, बने," तो धापा टाकत हसला. "भिम्यानं बाटली फुडं केली. मी न्हाई म्हनालो. तोंडावर! आन् मला असा लई आनंद झाला, की पायच थांबंनात!"

भिमाजी मान खाली घालून टेम्पोचं चाक न्याहाळत होता.

हसावं की रडावं, बनुबाईला कळेना. तिनं दोन्ही केलं. मग ती हलगीवाल्यावर खेकसली, "थांबलास का रं मुडद्या? वाजीव की!" आणि पदर खोचला.

देवळाच्या पायरीशी पोचेपर्यंत बनुबाईचं तोंड लाल झालं होतं, घाम निथळत होता, छाती धडधडत होती. गाडी काढायला मात्र कुणी धावलं नाही.