चौथा संपादक

रिटायर झाल्यावर सर्जन डॉ. टिल्लूंनी कॅनडातल्या ओकव्हिलच्या घरात, बेसमेंटमध्ये बसून कादंबरी लिहिली. प्रकाशकाकडे पाठवण्याआधी एखाद्या जाणत्या संपादकाची नजर फिरलेली बरी, म्हणून त्यांनी शोध सुरू केला. "अगदी निर्दयपणे सांगा हं!" असं ते प्रत्येकाला बजावत.

पुण्याच्या संपादकबाई स्काइपवर म्हणाल्या, "सुरुवातीची चार प्रकरणं काढावी लागतील." आता या बाईंना इकडचं आयुष्य काय कळणार! टोरांटोच्या एका निवृत्त प्राध्यापकांनीही नेमकी तीच चार प्रकरणं काढायला सांगितली, म्हणजे ते उघडच जळत होते. तिसरा संपादक "पहिली चार..." एवढंच बोलला आणि डॉक्टरांनी फोन ठेवला.

मग सापडले तिथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढणारे चिपळूणकर. कोणी काहीही पाठवा, ते जसंच्या तसं छापतात. त्यांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला, "डॉक्टर, एका शब्दालाही हात लावू नका!"

डॉक्टर धावतच किचनमध्ये बायकोकडे आले. "बघ उमा, याला म्हणतात संपादक! बाकीच्यांना नुसती कापाकापी येते."

उमाताई चहा गाळत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या,

 

"अहो, 'ऑपरेशन नको म्हणणारा डॉक्टर मिळेपर्यंत वणवण फिरतात मूर्ख, आणि हाताबाहेर गेलं की येतात माझ्याकडे', असं रोज जेवताना कोण म्हणायचं हो?"