बासरीची ओळ

श्रीकरने नव्या रचनेत आपलं अख्खं आयुष्य मांडलं होतं. प्रत्येक माणसाला एक वाद्य, एक धून. वारलेल्या पहिल्या बायकोला त्याने बासरी दिली होती आणि वैजयंतीला चेलो. मूळ वहीवरून एकेका वादकाचे कागद उतरवून काढायचं काम मात्र वैजयंतीच्याच गळ्यात पडलं होतं.

बासरीचे कागद लिहिताना तिचा नुसता जळफळाट होत होता. बारा वर्षं संसार केला मी, आणि गोड तेवढं सगळं तिच्या वाट्याला! शेवटच्या पानावर चेलो गप्प झालेला आणि बासरीची ओळ स्वरांनी गच्च भरलेली दिसली, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. ते स्वर वाचायच्याही भानगडीत न पडता तिने तिथे विश्रामाच्या खुणा मारून टाकल्या.

"आता तरी गप्प बस, बाई."

तालमीत शेवट आला आणि सगळा वाद्यवृंद अधांतरीच थांबला.

"पाध्ये, बासरी कुठेय?" श्रीकरने विचारलं.

"सर, माझ्या कागदावर इथे विश्राम आहे."

"उतरवताना राहिलं वाटतं. ऐका, मी गाऊन दाखवतो. इथे ती निरोप घेते, पण स्वतःच्या धुनेवर नाही."

श्रीकर डोळे मिटून गुणगुणू लागला. दुसऱ्याच स्वराला कोपऱ्यात बसलेल्या वैजयंतीने चमकून वर पाहिलं. चेलोची धून होती ती. तिची स्वतःची.

"वैजयंती, पाध्यांना एवढं लिहून देतेस?"

तिने पेन्सिल उचलली, पण हात काही केल्या कागदावर टेकेना.