यादवरावांचं शेवटचं भाषण

विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत वत्सलाबाई पुढे झुकून ऐकत होत्या. खाली आमदार यादवराव गांगुर्डे यांच्या बाकावरच्या यंत्रातून त्यांचाच खणखणीत आवाज येत होता. "अध्यक्ष महोदय, करंजपाड्याच्या बाईनं बाळंतपणासाठी झोळीतून किती लांब जायचं? दवाखाना कधी देणार?"

यादवराव जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या जुन्या भाषणांवरून घडवलेलं हे यंत्र कायद्यानुसार त्यांची मुदत पुरी करत होतं. घरी फारसा कधी न बोललेला नवरा वत्सलाबाईंना आता इथेच भेटायचा.

आरोग्यमंत्री नरमाईने म्हणाले, "सन्माननीय सदस्यांच्याच पाठपुराव्यामुळे तो दवाखाना गेल्या वर्षी सुरू झाला. आता तिथं डॉक्टर टिकत नाहीत, ही अडचण आहे."

सभागृहात हसू पसरलं. वत्सलाबाईंच्या मनात आलं, पाड्यापाड्यांवर पायी हिंडणाऱ्या माणसाला हे दुसऱ्यानं सांगावं?

शेजारी बसलेले पक्षाचे चिटणीस कुजबुजले, "वहिनी, निवडणूक आली. साहेबांनाच पुन्हा उभं करू. फक्त तुमची संमती हवी."

"नको, भाऊ," वत्सलाबाई म्हणाल्या. " त्या लोकांना हिंडणारा माणूस द्या."

"मग हे शेवटचंच भाषण. अधिवेशन आज संपतंय."

खाली यादवरावांनी एसटी बसचा विषय काढला होता. अध्यक्षांनी घंटा वाजवली.

"एकच मिनिट, अध्यक्ष महोदय," यादवराव म्हणाले, "फक्त एकच मिनिट."

वत्सलाबाईंनी कठडा घट्ट धरला आणि मनातल्या मनात अध्यक्षांना विनवलं, द्या हो त्यांना.