रडणाऱ्याला टिशू द्यायचा नसतो

ताई मानसशास्त्रात पीएचडी करते. हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगसाठी घरी सराव करताना तिची पेशंट अर्थातच मी! काय रडायचे मी, शाळेच्या नाटकातही तशी रडले नाही! वर ओरडायचे, "टिशू दे की, दगड आहेस का?" "द्यायचा नसतो, वेडाबाई. दिला की समोरच्याला वाटतं, आता रडणं पुरे. डबा ठेवायचा, ज्याचा त्याने घ्यायचा. मॅडमनी बजावलंय." आज ताई दुपारीच परतली. चप्पलही न काढता पलंगावर बसली. "माझ्या पहिल्या पेशंटने जीव दिला गं. तुझ्याच वयाची होती." आणि ती रडायला लागली, खरंखुरं. मी टिशू पुढे केला, मग तिचा नियम आठवून मागे घेतला. डबा तिच्याजवळ सरकवला. शेवटी ताईनेच हात पसरला. "दे ना गं. तिनेही असाच हात पसरला होता. मी डब्याकडे बोट दाखवलं."