निकाली प्रकरण

भाचीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी दिगंबरमामांनी स्वतःहून अंगावर घेतली होती. मुलाच्या बायोडेटात ठळक अक्षरांत 'निर्व्यसनी' लिहिलं होतं आणि तोच शब्द त्यांना खटकत होता.

"कोर्टाची साइट सगळ्यांना खुली असते," लॅपटॉप मांडीवर ओढत ते रेवतीला म्हणाले. "जिल्हा निवडायचा, वर्ष टाकायचं, माणसाचं नाव टाकायचं." चालू प्रकरणांत काहीच निघालं नाही. मग त्यांनी 'निकाली'वर टिचकी मारली आणि ते सोफ्यावरून जवळजवळ उडालेच. "सापडला बघ. कोल्हापूर कोर्ट, कलम एकशे पंच्याऐंशी. दारू पिऊन गाडी चालवली, गुन्हा कबूल, दंड भरला. आत्ताच्या आत्ता नकार कळवून टाकू."

रेवती शांतपणे शेंगा सोलत होती. "मला ठाऊक आहे, मामा. पहिल्याच भेटीत त्याने स्वतः सांगितलं. त्यानंतर थेंबाला शिवला नाही म्हणाला. म्हणून तर मी होकार दिला."

मामांचा चेहरा पडला. मामींना मात्र भलताच हुरूप आला. पदराला हात पुसत त्या शेजारी येऊन बसल्या. "भारीच आहे की हे. आता तुमचं नाव टाका."

दोन वर्षांपूर्वी मित्राकडच्या लग्नाला म्हणून मामा कऱ्हाडला गेले होते आणि तिथल्या कोर्टात असाच दंड भरून परतले होते. त्यांनी लॅपटॉप अलगद मिटला.

"साइट बंद पडली वाटतं."

"पडू दे," मामी म्हणाल्या. "कऱ्हाडचं लग्न मी सकाळीच बघून घेतलंय."