सरळ टाकलेला चेंडू

प्रयोगशाळेतल्या मिस्त्रीनं लाकडी चेंडू ड्रिलखालच्या पकडीत आवळला आणि दादाचा चेहरा उतरला.

“अगं, बाबांनी स्वतः घडवलाय तो. जाळायला दुसरं लाकूड मिळालं नाही का तुला?”

“लगेच जळत नाही रे,” धाकटी बहीण म्हणाली. “आधी वाफ निघते, मग लाकडातले वायू, बाहेरून थराथरानं आतपर्यंत. कुठला वायू कधी सुटेल, त्याचं गणित मांडलंय मी. पण गणितात लाकूड गोल धरलंय, आणि भट्टीत टाकतो वेडेवाकडे तुकडे. मेळच बसेना. नवा गोळा करून घेतला, तो तडकला. इतकं मुरलेलं लाकूड आणू कुठून?”

बाबांचं घर विकताना दादानं मागून घेतलेली ही एवढीच वस्तू. बहिणीनं मागितल्यावर नाही म्हणवेना, आणि देववेनाही.

“जाऊ दे, तसाही तो माझा कधी नव्हताच,” तो म्हणाला. “बाबा बोळाच्या टोकाला बसून घरंगळत टाकायचे, आपण दोघं दोन भिंतींशी. ज्याला मिळेल तो त्यांच्या खांद्यावर. आणि कायम तुझ्याकडेच टाकायचे!”

“सरळच टाकतो म्हणून शपथ घ्यायचे की!”

“कसलं सरळ! लाडोबा होतीस तू.”

मिस्त्री हसला. तापमान मोजणारी तार आत सोडायला भोक पाडायचं होतं. चेंडूवर एका बाजूला लाल ठिपका होता. “तेवढा राहू द्या हो,” दादा म्हणाला, तेव्हा मिस्त्रीनं चेंडू उलटा केला. थोडा भुसा निघाला, मग आवाजच बदलला. भुशात करडा, चकचकीत कीस दिसू लागला.

“शिसं आहे, ताई. मुद्दाम भरलंय, वरून लाकडाची खुंटी ठोकलीय. एक बाजू जड. सरळ टाकला तरी हा वळणारच.”

लहानपणी धाकटी चार पावलांत पडायची. पळून दादाच्या आधी चेंडू गाठणं तिला सात जन्मांत जमलं नसतं.

“म्हणून ठिपका उजव्या हाताला धरायचे, म्हणजे जड बाजू डावीकडे, तुझ्याकडे!” दादा म्हणाला. “म्हणजे टाकायचे सरळच! आणि मी वेडा, त्यांच्यावर रुसून बसलो.” हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

“मग? घालायचा भट्टीत?” मिस्त्रीनं विचारलं.

“छे हो!” धाकटीनं चेंडू सोडवला, बाहीनं पुसला आणि तडक बाहेरच्या लांब व्हरांड्यात गेली. ठिपका तिनं डाव्या हाताला धरला.

“दादा, तू तिकडे, उजव्या भिंतीशी उभा राहा.”

“अगं, लोक बघताहेत.”

“बघू देत. सरळ टाकतेय हं मी!”

चेंडू मधोमध निघाला आणि अर्ध्या वाटेत वळून त्याच्या पायाशी गेला. पोट सावरत दादा खाली वाकला. दोन्ही हातांनी त्यानं तो उचलला.

“मिळाला!” तो ओरडला. मग त्यानं धाकटीकडे बघितलं. “आता मला खांद्यावर कोण घेणार गं?”